बटणं, काच आणि मधली धूळ

टॅबला कीबोर्डचं कव्हर लावलं की काचेवर ओरखडे पडतात, असं छातीठोकपणे सांगणारी माणसं मिरजेत भेटतात. तसलंच कव्हर वर्षानुवर्षं वापरून काचेवर एक चरा न पडलेलीही भेटतात. दोघंही खरं सांगतात, म्हणूनच हा प्रश्न नुसत्या हो-नाहीवर मिटत नाही. कव्हर कसलं आहे, काच कसली आहे, टॅब कशातून आणि कसा नेला जातो आणि त्या गावची धूळ कशाची बनलेली आहे, एवढं सगळं बघावं लागतं. यातलं शेवटचं सहसा कुणी विचारातच घेत नाही. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं तेच आहे.

प्रश्न वरवर किरकोळ दिसतो, पण ज्याच्या घरात टॅब हाच एकमेव संगणक आहे त्याला विचारून बघा. मिरज हे दवाखान्यांचं गाव. वॉनलेस हॉस्पिटल एकोणिसाव्या शतकापासूनचं, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९६२ पासूनचं. इथं शिकायला येणारी मुलं आता जाडजूड पुस्तकं टॅबवर वाचतात, टिपणंही त्यावरच काढतात. महाज्योती या सरकारी संस्थेकडून नीट, जेईई, सीईटीच्या तयारीसाठी निवडलेल्या मुलांना टॅब मिळतो. टॅबवर बोटानं लांबलचक टायपिंग होत नाही. लॅपटॉप परवडत नाही. मग हजार-दीड हजाराचं कीबोर्डवालं कव्हर घेतलं जातं. त्या कव्हरनं काच बिघडली, तर डिस्प्ले बदलायचा खर्च पुष्कळदा निम्म्या टॅबच्या घरात जातो, आणि ओरखडे कुठल्याच वॉरंटीत धरत नाहीत. या मुलांना नीट उत्तर मिळायला हवं. 'काही होत नाही, बिनधास्त वापरा' हे जसं उत्तर नाही, तसंच 'घेऊच नका' हेही नाही.

आधी एक घोळ निस्तरायला हवा. काचेवर दिसणारी प्रत्येक खूण हा ओरखडा नसतो.

स्टेशन रोडच्या बाजूला मोबाईल दुरुस्तीच्या एका दुकानात मी उभा असताना एक विद्यार्थिनी टॅब घेऊन आली. काळ्या पडद्यावर बारीक चौकोनांच्या रांगाच रांगा उमटल्या होत्या, अगदी कीबोर्डच्या मापाच्या. "दादा, कव्हरनं डिस्प्ले पार घालवलाय बघा," ती म्हणाली. दुकानदारानं टॅब उजेडाकडे तिरका धरला, काचेवर हलकी फुंकर घातली, मग किंचित ओलसर कापड फिरवलं. चौकोन गेले. "ताई, स्क्रॅच नाय हे. बोटांचं तेल हाय. बटणावरनं काचंवर आलंय."

हे चौकोन पोकळ का होते, भरीव का नव्हते, हे समजून घेण्यासारखं आहे. बऱ्याच कीबोर्डांच्या बटणांचा माथा मधे जरासा खोलगट असतो, बोट नीट बसावं म्हणून. झाकण मिटलं की काचेला टेकते ती बटणाची कडा. बोटांच्या कातडीवरचं तेल आणि घाम त्या कडेवरून काचेवर उतरतो. म्हणजे ती खूण निरुपद्रवी होती, पण तिनं एक मोलाची गोष्ट सांगितली: या कव्हरमध्ये बटणं काचेला खरोखर टेकतात. तेल उमटतं तिथं उद्या वाळूचा कणही दाबला जाईल. तेलाचे चौकोन दिसले तर घाबरू नये, पण ते पुसून विसरूनही जाऊ नये.

दुसऱ्या प्रकारची खूण म्हणजे वरचा लेप झिजणं. टॅबच्या काचेवर तेल धरू न देणारा एक अतिशय पातळ लेप असतो. बोट सुळकन फिरतं आणि ठसे चटकन पुसले जातात ते त्याच्यामुळे. तो वापरानं झिजतोच. एकाच जागी कव्हर घासत राहिलं तर तिथं लवकर झिजतो, आणि तो पट्टा ओशट, धुरकट दिसतो. काच मात्र शाबूत असते. काही महागड्या टॅबांवर उजेडाची चमक कमी करणारा आणखी एक लेप असतो. तो खराब होऊ शकतो याचा मोठा दाखला लॅपटॉपच्या जगात आहे. ॲपलच्या काही मॅकबुक प्रोच्या पडद्यांवरचा असा लेप डागाडागांनी निघू लागला, आणि तक्रारी वाढल्यावर २०१५ मध्ये कंपनीनं ते पडदे बदलून देण्याची सोय केली. अनेकांच्या पडद्यांवरचे डाग बटणांच्या जागी सुरू झाले होते.

तिसरी खूण वरच्या गार्डवरची. बहुतेक टॅबांवर दुकानातून निघतानाच गार्ड बसतं, आणि 'काचेला स्क्रॅच आला' म्हणतात तेव्हा तो पुष्कळदा गार्डला आलेला असतो. खरा ओरखडा ही सगळ्यात शेवटची शक्यता. ओल्या कापडानं जात नाही, फुंकर घातली तरी वाफेतून रेष तशीच दिसते, नख आडवं फिरवलं तर खोल चऱ्याला ते किंचित अडतं. अशी रेष टॅबच्या मूळ काचेवर असेल तरच पुढचा विचार करायचा.

मग ही रेष बटणानं पडू शकते का? इथं उत्तर अगदी स्वच्छ देता येतं: नाही. खनिजांची कठीणता मोजायला फ्रीडरिख मोस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला दहा पायऱ्यांची एक शिडी ठरवली. शंखजिरं पहिल्या पायरीवर, हिरा दहाव्या. वरच्या पायरीवरचा पदार्थ खालच्याला खरवडतो, खालचा वरच्याला नाही. आपलं नख साधारण अडीचवर, तांब्याचं नाणं तीनच्या आसपास, साधी खिडकीची काच साडेपाचवर, गारगोटी सातवर. कीबोर्डची बटणं सहसा एबीएस नावाच्या प्लॅस्टिकची असतात, आणि ते काचेच्या पासंगालाही पुरत नाही. स्वच्छ बटण स्वच्छ काचेवर दिवसभर घासलं तरी झीज होईल ती बटणाची.

टॅबची काच साध्या काचेहून मजबूत असते, हेही खरं. तिला सुमारे चारशे अंश तापलेल्या वितळलेल्या पोटॅशियम नायट्रेटमध्ये बुडवून ठेवतात. काचेच्या पृष्ठभागातले सोडियमचे छोटे कण बाहेर पडतात, त्यांच्या जागी पोटॅशियमचे मोठे कण घुसतात आणि दाटीवाटीनं बसतात. त्यामुळे पृष्ठभाग सतत आतून दाबलेला राहतो आणि तडा सहजासहजी पसरत नाही. जाहिरातीत जे ऐकू येतं ते याबद्दलच असतं: एवढ्या उंचीवरून पडला, फुटला नाही. पण फुटणं वेगळं आणि खरवडणं वेगळं. या प्रक्रियेनं काच पडण्याला सहजासहजी दाद देत नाही. कठीणतेत मात्र तिची उडी फार मोठी नसते. सहाव्या पायरीवरच्या खनिजानं तिच्यावर बारीक रेष उमटू लागते आणि सातव्यावरच्यानं ठळक. म्हणजे महाग काच घेतली म्हणून गारगोटीच्या कणापासून सुटका होत नाही.

बटण निर्दोष ठरलं, मग दोषी कोण? मधली धूळ. पण 'धूळ' म्हणून विषय संपवता येत नाही, कारण सगळी धूळ सारखी नसते. इथं मिरजेच्या मातीकडे वळावंच लागतं.

आपण दख्खनच्या पठारावर राहतो. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थरावर थर पसरत गेला, तो थिजून काळा पाषाण झाला, आणि त्याची झीज होऊन कृष्णाकाठची काळी माती झाली. या मातीचा मोठा भाग म्हणजे अतिसूक्ष्म चिकणमाती. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, चपलेला चिकटते. खनिज म्हणून ही चिकणमाती अत्यंत मऊ आहे, पहिल्या-दुसऱ्या पायरीवरची. शेतातून उडून आलेल्या निव्वळ काळ्या मातीच्या पुडीनं टॅबच्या काचेला काही होत नाही. मिरज-सांगलीकडची आणखी एक प्रसिद्ध पूड, हळदीची, तिनंही होत नाही. डाग पडेल, ओरखडा नाही.

त्याच पाषाणातली दुसरी खनिजं मात्र वेगळ्या स्वभावाची आहेत. काळ्या पाषाणात फेल्डस्पार असतं, ते सहा-साडेसहावर. पायरॉक्सिन असतं, ते साडेपाच-सहाच्या आसपास. मॅग्नेटाइट असतं, साडेपाच ते साडेसहा. ही सगळी काचेच्या बरोबरीची किंवा किंचित वरची. पाषाणाच्या पोकळ्यांमध्ये गारगोट्या आणि अकीक सापडतात, ते तर साडेसहा-सातवर. नदीच्या वाळूत हे सगळं मिसळून येतं. बेळगावच्या बाजूला गेलं की पाषाणाची जात बदलते. गोकाकचा धबधबा कोसळतो तो वालुकाश्माच्या कड्यावरून, आणि वालुकाश्म म्हणजे गारगोटीचेच कण घट्ट बसलेले. मिरज-बेळगाव रेल्वेनं रोज ये-जा करणाऱ्याच्या सॅकमध्ये दोन्हीकडची धूळ असते.

त्यात गेल्या काही वर्षांत बांधकामाची भर पडली आहे. नदीच्या वाळूऐवजी आता बांधकामाला क्रशरची कच वापरतात, म्हणजे काळा पाषाण यंत्रात फोडून केलेली वाळू. नदीची वाळू वाहून वाहून गुळगुळीत झालेली असते. कच ताजी फुटलेली असते, तिला धारदार कोपरे असतात. खनिज तेच असलं तरी कोपरेदार कण काचेत जास्त खोल रुततो. सांगली-मिरज रस्त्याला लागून चाललेली बांधकामं बघितली की सॅकच्या तळाशी साठणारा करडा भुगा कुठून येतो ते कळतं. गाळपाच्या हंगामात साखर कारखान्यांच्या धुराड्यांतून चिपाडाची राख उडते. उसात सिलिका भरपूर असल्यामुळे तीही अगदी निरुपद्रवी म्हणता येत नाही, पण ती हलकी आणि ठिसूळ असते. कच जास्त वाईट.

एवढासा कण काचेला खरवडतो कसा? हिशेब साधा आहे. कणाचं टोक समजा एक शतांश मिलिमीटर लांब आणि तेवढंच रुंद आहे. त्यावर फक्त १०० ग्रॅमचा भार आला, तर दाब होतो एका चौरस मिलिमीटरला १००० किलो. काचेवर खळगा पडायला लागणारा दाब साधारण ६०० किलोच्या आसपास असतो. आता सॅकमध्ये टॅबच्या पाठीवर दोन जाडी पुस्तकं, डबा आणि पाण्याची बाटली असते. १०० ग्रॅम म्हणजे काहीच नाही. बटणाचं प्लॅस्टिक मऊ असल्यामुळे कण त्यात अर्धवट रुतून बसतो. त्यामुळे थोडा भार कमी होतो, पण दुसरीकडे त्या कणाला मूठ मिळते. सुटा कण गडगडून गेला असता. रुतलेला कण जागचा हलत नाही, आणि सॅक हलते तसा टोकानं काचेवर रेघोट्या ओढतो. दुचाकीवरून जाताना खड्ड्यागणिक एक बारीक हिसका बसतो. म्हणूनच अशा काचांवर लांब सरळ रेषांपेक्षा आखूड, एकमेकींना समांतर अशा चिमुकल्या रेघांचे झुबके जास्त दिसतात. ओरखड्याचा आकार बघून तो कुठं पडला हे पुष्कळदा सांगता येतं. एक लांब कमान असेल तर ती पुसताना पडलेली, कोरड्या कापडाखाली कण सापडून. तळकडेला आडवी घासपट्टी असेल तर ती टॅब उभा करायच्या खाचेत सरकवताना पडलेली.

जपायला घातलेलं आवरणच आतल्या वस्तूला घासतं, ही गोष्ट मिरजेला टॅब यायच्या दीडशे वर्षं आधीपासून माहीत आहे. इथली सतारीची आणि तंबोऱ्याची कारागिरी एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला फरीदसाहेबांच्या घराण्यापासून सुरू झाली. हे घराणं मूळचं शिकलगारांचं, तलवारी-भाल्यांना धार आणि चकाकी देणाऱ्यांचं. पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयानं त्या हातांनी वाद्यं घडवायला घेतली. कुरुंद कशाला खातो, कुठला दगड किती झिजवतो आणि चकाकी आणण्यासाठी खरखरीतपणा कसा पायरीपायरीनं कमी करत न्यायचा, हे ज्यांच्या हाडीमांसी भिनलं होतं, त्यांनीच भोपळ्यावर लाखेचं पॉलिश चढवलं. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, त्यामागे ही सगळी परंपरा आहे.

तंबोऱ्याला गवसणी असते. जाड कापडाची, आतून मऊ अस्तराची. ती वाद्याला धक्क्यापासून, उन्हापासून, ओलीपासून वाचवते. पण जुना, खूप फिरलेला तंबोरा खिडकीजवळ आडवा धरून बघा. भोपळ्याच्या पोटावर, जिथं तो गवसणीत टेकतो तिथं, पॉलिशवर धुक्यासारखा मंद पट्टा असतो. नीट पाहिलं तर तो असंख्य केसासारख्या रेघांचा बनलेला दिसतो. अस्तर मऊ आहे, लाख मऊ आहे, मग रेघा कुणी ओढल्या? अस्तरात अडकलेल्या कणांनी. एका वयस्क कारागिराला मी हे विचारलं तेव्हा ते म्हणाले, "गवसणी उलटी करून झटकायची, मग घालायची. लोक वाद्य पुसतात, गवसणी कुणी झटकत नाही." टॅबच्या बाबतीत याहून नेमकं मला अजून कुणी काही सांगितलेलं नाही. आपण काच पुसतो. बटणांच्या मधल्या चरांमध्ये साठलेली कच तशीच राहते, आणि झाकण मिटलं की पुन्हा काचेला भिडते.

एक मोठा फरक मात्र आहे. लाख स्पिरिटमध्ये विरघळते, त्यामुळे जुन्या पॉलिशवर नवा हात फिरवला की रेघा भरून दोन्ही थर एकजीव होतात. मिरजेत अशी कितीतरी वाद्यं पुन्हा नव्यासारखी झालेली आहेत. काचेला असा दुसरा हात नाही. पडलेला चरा पडलेलाच राहतो.

आता कव्हरांच्या जातींकडे. २०११ मध्ये ॲपलनं दुसऱ्या आयपॅडबरोबर घडीचं चुंबकी झाकण आणलं, तेव्हा आतलं मायक्रोफायबरचं अस्तर काच पुसत राहतं, असा त्याचा गौरव होता. वापरणाऱ्यांना लवकरच दिसलं की घड्यांच्या सांध्यांमध्ये धूळ साठते आणि काचेवर तिचे पट्टे उमटतात. २०१२ मध्ये मायक्रोसॉफ्टनं सरफेस टॅब दाखवला, त्याचं झाकणच कीबोर्ड होतं. २०१५ मध्ये ॲपलचा कापडी आवरणाचा कीबोर्ड आला, २०२० मध्ये बिजागरीवर टॅब अधांतरी धरणारा. ही सगळी एकाच टॅबसाठी नेमकी मापं घेऊन केलेली. मिरजेच्या बाजारात खपतं ते बहुतेक वेगळंच: रेग्झिनचं फोल्डर, आत चुंबकानं चिकटलेला ब्लूटूथ कीबोर्ड, आणि 'सगळ्या दहा इंची टॅबांना चालतं' असं लिहिलेलं खोकं.

धोका ठरतो तो बटणांचा माथा आणि काच यांच्यात झाकण मिटल्यावर किती फट उरते यावरून. फट कणापेक्षा मोठी असेल तर कण मधे पडून राहतो, कुणालाच शिवत नाही. लॅपटॉप बनवणाऱ्यांनी हा धडा फार आधी गिरवला. पडद्याच्या कडेनं रबराची उंच किनार देऊन ते फट राखतात, आणि नव्या लॅपटॉपच्या खोक्यात बटणांवर एक पातळ मऊ कागद ठेवलेला असतो, जो आपण पहिल्याच दिवशी फेकून देतो. ही फट किती काटेकोर असते याची कल्पना २०२० मध्ये आली. कॅमेऱ्यावर सरकतं झाकण चिकटवून मॅकबुक मिटू नका, पडदा फुटू शकतो, असा इशारा ॲपलला द्यावा लागला. सरकत्या झाकणाची जाडी ती काय, पण तेवढीही जागा तिथं नव्हती.

फोल्डरवाल्या कव्हरांमध्ये फट राखणारं काहीच नसतं. कव्हर एका कंपनीचं, टॅब दुसऱ्या कंपनीचा, आणि रेग्झिन वाकतं. टेबलावर अर्धा मिलिमीटर दिसणारी फट सॅकमध्ये पुस्तकांखाली शून्य होते. टॅब चार कोपऱ्यांत सिलिकॉनच्या पकडींनी धरला असेल तर त्या पकडींची उंची थोडी फट देते. धातूच्या पकडी असतील तर त्याच कडेची काच खरवडू शकतात, विशेषतः त्यांच्यावरचा रंग उडून खाली धारदार पत्रा उघडा पडला की. चेनवाल्या पाऊचमध्ये चेनचं टोक काचेवर लोंबत राहतं. चेनचा मऊ धातू सहसा काचेला खात नाही, पण तिच्या दातांत अडकलेली वाळू खाते. स्वतंत्र कीबोर्ड आणि स्वतंत्र साधं कव्हर, दोन्ही वेगवेगळ्या कप्प्यांत, ही व्यवस्था काचेसाठी सगळ्यात सुरक्षित. फिरताना गैरसोयीची आहे, पण घरी आणि वसतिगृहात बसून टायपिंग करणाऱ्यांना मी तीच सुचवतो.

चुंबकांची गोष्ट इथल्या मातीत जरा निराळी आहे. कव्हर चिकटवणारे निओडिमियमचे चुंबक लहान असतात पण जोरकस. एखादा साधा चुंबक दोऱ्याला बांधून मिरजेच्या कुठल्याही रस्त्याकडेच्या धुळीतून फिरवा, त्याला काळी मिशी फुटते. ते मॅग्नेटाइट, आपल्या पाषाणातून सुटलेलं. वर सांगितलं तसं ते साडेपाच ते साडेसहावर आहे, म्हणजे काचेच्या बरोबरीचं किंवा किंचित वरचं. कव्हरचे चुंबक हे कण वेचून नेमके टॅबच्या कडेशी, जिथं कव्हर घट्ट चिकटतं तिथं, जमा करतात. फुंकरीनं ते जात नाहीत, चुंबक सोडत नाही. चिकटपट्टीचा तुकडा दाबून उचलला की निघतात. काळ्या पाषाणाच्या प्रदेशात चुंबकी कव्हर वापरणाऱ्यानं एवढं तरी अधूनमधून करावं. वापराच्या पुस्तिकांत हे नसतं, कारण त्या कुणा एका गावच्या मातीसाठी लिहिलेल्या नसतात.

गार्डबद्दल दुकानात बोललं जातं त्यातलं एक दुरुस्त करायला हवं. टेम्पर्ड गार्डच्या पाकिटावर '९ एच' छापलेलं असतं, आणि 'नऊ म्हणजे हिऱ्याच्या खालोखाल' असं विकणाराही सांगतो, घेणाराही मानतो. हा नऊ मोसच्या शिडीवरचा नाही. तो पेन्सिलींचा आहे. रंगाचे आणि लेपांचे थर तपासताना ९ बी ते ९ एच अशा चढत्या कडकपणाच्या पेन्सिली ठरावीक कोनात दाबून ओढतात. सगळ्यात कडक पेन्सिलीनंही ओरखडा पडला नाही, एवढाच ९ एचचा अर्थ. पेन्सिलीचं शिसं ग्राफाइट आणि मातीचं, गारगोटीपुढे मऊ. म्हणजे ९ एचच्या गार्डवर कृष्णेच्या वाळूचा कण सहज चरा पाडतो. ही माहिती पाकिटावर दोन ओळींत देता येईल. ती दिली जात नाही, आणि त्या नऊच्या भरवशावर मुलं टॅब कसाही कोंबतात, याचा मला मनापासून राग येतो.

गार्ड लावू नये असं मात्र मी म्हणणार नाही, उलट जरूर लावावं. चरा गार्डवर पडतो, गार्ड दोन-तीनशेत बदलतं. फक्त गार्डची जाडी त्या फटीतूनच वजा होते हे ध्यानात ठेवावं. आधीच घट्ट बसणाऱ्या कव्हरमध्ये जाड गार्ड घातलं की बटणं कायमची टेकून राहतात. पेननं लिहिणाऱ्यांसाठी कागदासारख्या खरखरीत पृष्ठभागाची फिल्म मिळते. ती प्लॅस्टिकची असते, बटणांच्या कडांनी आणि साध्या धुळीनंही तिच्यावर खुणा पडतात. काचेचं रक्षण होतं, फिल्म वरचेवर बदलावी लागते. घडी होणारे पडदे असलेली उपकरणं हा स्वतंत्रच विषय. त्यांच्या वरचा थर प्लॅस्टिकचा असतो आणि नखाचाही धाक बाळगावा लागतो. तिथं कुठल्याही बटणाची पडद्याशी गाठ पडू देऊ नये.

मग करायचं काय? कव्हर घेताना दुकानातच एक कसोटी करता येते. बटणांवर साध्या कागदाची पट्टी ठेवा, टॅब बसवून झाकण मिटा, वरून तळहातानं सॅकमध्ये येईल तेवढा भार द्या आणि पट्टी ओढा. सहज सरकली तर फट आहे. अडकली किंवा फाटली तर बटणं टेकतात. मधल्या ओळींवर ही कसोटी जरूर करावी, कारण कव्हर वाकतं ते मधेच. टेकणारं कव्हर घ्यावंच लागलं, तर नेताना मधे एक स्वच्छ पातळ सुती रुमाल किंवा लॅपटॉपच्या खोक्यातला तो कागद ठेवावा, आणि तो रुमाल धूत जावा, नाहीतर त्याचीच गवसणी होते. सॅकमध्ये टॅब पाठीकडच्या कप्प्यात, काच पाठीच्या दिशेनं. कीबोर्ड आठवड्यातून एकदा उलटा धरून थोपटावा आणि रंगाच्या मऊ ब्रशनं चरांमधला भुगा काढावा. काच पुसताना आधी फुंकर किंवा ब्रश, मग किंचित ओलं मायक्रोफायबर, दाब न देता. कोरड्या कापडानं, ओढणीनं किंवा शर्टाच्या टोकानं रगडून पुसणं, यानं जेवढे ओरखडे पडतात तेवढे माझ्या पाहण्यात कीबोर्डनंही पडत नाहीत.

ओरखडा पडलाच असेल तर टूथपेस्ट चोळायचा सल्ला ऐकू नका. तिच्यात घासणारी पूड असते. चरा जात नाही, भोवतालचा लेप तेवढा निघून जातो. काच घासून पॉलिश करायची पावडर मिळते, तिनंही लेप जातो आणि चित्र लहरी दिसू लागतं. केसाएवढ्या बारीक रेघा असतील तर त्यावर टेम्पर्ड गार्ड बसवावं. त्याचा पारदर्शक डिंक रेघांमध्ये भरतो आणि त्या बऱ्याच प्रमाणात दिसेनाशा होतात. चरा खोल असेल आणि बोटाला लागत असेल, तर दुरुस्तीला टाकण्याआधी दुकानदाराला एकच विचारावं: या टॅबची वरची काच सुटी निघते, की डिस्प्लेला चिकटलेली आहे? साध्या आयपॅडसारख्या काही टॅबांमध्ये ती सुटी असते आणि नुसती काच बदलता येते. पातळ, महाग टॅबांमध्ये काच आणि डिस्प्ले एकजीव असतात, पूर्ण संच बदलावा लागतो. तसं असेल आणि स्पर्श नीट चालत असेल, तर गार्ड लावून तोच टॅब वापरत राहावा, आणि वाचलेल्या पैशातून किनार उंच असलेलं कव्हर घ्यावं.